हळव्या पोटाच्या कुत्र्यांचा आहार: कोकणातल्या घरांचा अनुभव

खाडीकाठ (देवगड तालुका)

आमची पवळी ७ वर्षांची, १३ किलो वजनाची गावठी कुत्री आहे. अंगाने काटक, राखणीला पक्की, पण पोटाने अतिशय हळवी. सलग तीन वर्षे जूनचा पहिला आठवडा उलटायच्या आत तिला जुलाब सुरू होत असत. सकाळी खळ्यातल्या चिऱ्यांवर पाण्यासारखी पातळ, शेंबडासारखा आव असलेली शी दिसे आणि ती पडवीच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन पडून राही. पावसाचे गढूळ पाणी तिला बाधते, अशी आम्ही समजूत करून घेतली होती. दवाखान्यातून औषध आणले की चार दिवस बरे जात आणि पंधरवड्यात पुन्हा तेच सुरू होई.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी मला एक वही घालायला सांगितली. तिच्या तोंडात जे जाईल ते सर्व, म्हणजे घरातले, शेजारचे आणि वाटेत उचललेलेसुद्धा, तारखेसह लिहायचे आणि समोर शी कशी व किती वेळा झाली ते नोंदवायचे. ती वही आता माझ्यासमोर आहे. ३१ मे रोजी ‘भात, उकडलेला बांगडा, घट्ट, २ वेळा’ अशी नोंद आहे. १ आणि २ जूनला ‘भात, आमटी’ असे लिहिले आहे. ३ जूनला ‘भात, सुक्या बांगड्याचा तुकडा, मऊ, ३ वेळा’ आणि ५ जूनला ‘भात, सुकट, पाण्यासारखी, आव, ६ वेळा’. ते पान वाचल्यावर मला पाण्याला दोष देता येईना. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते, त्या दिवसापासून आमच्या घरातले ताजे मासे बंद होतात, आमटी आणि सुके मासे चुलीवर येतात, आणि पवळीची थाळीही एका रात्रीत बदलते. आम्ही वर्षानुवर्षे आमच्या हंगामाप्रमाणे तिचे पोट बदलत होतो.

रोज तेच अन्न मिळाले की कुत्र्याच्या आतड्यातले पाचक रस आणि तिथले जीवाणू त्या अन्नाला सरावतात. ते अचानक बदलले की बराचसा भाग न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतो, तिथे पाणी ओढून घेतो, आंबतो, वायू धरतो आणि पातळ होऊन बाहेर पडतो. धडधाकट कुत्र्याला हा बदल एखाद्या दिवसापुरता जाणवतो. हळव्या पोटाच्या कुत्र्याला त्यातून सावरायला दोन-दोन आठवडे लागतात. त्यातच आमच्या आमटीला लसणीची फोडणी असे आणि सुक्या माशांत मीठ भरपूर. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि शिजवल्याने किंवा वाळवल्याने त्यांचा हा दोष जात नाही, हे मला वयाच्या पन्नाशीत कळले, याचे मनापासून वाईट वाटते.

कोकणात कुत्र्याला वेगळे रांधण्याची रीत फारशी नाही. पानात उरते ते त्याच्या थाळीत जाते. ज्यांच्याकडे अशी हळव्या पोटाची जनावरे आहेत त्यांनी काय बदलले, काय टिकले आणि काय जमले नाही, हे येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

सुरंगी (वेंगुर्ले)

खाडीकाठ, तुमची वही वाचून आमच्या घरचेच वाचल्यासारखे वाटले. आमचा कुत्रा ३ वर्षांचा आहे आणि घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली की निवडून टाकलेली बारीक मासळी वाळूत पडते आणि तो बांधलेला नसला की तिथे पोहोचतोच. त्या रात्री त्याला हमखास उलटी होते. एकदा तर तोंडातून फेस आणि लाळ गळू लागली, मागचे पाय लटपटले. आम्ही त्याला रिक्षात घालून धावपळ केली आणि तो सुदैवाने वाचला. नेमके काय खाल्ले होते ते समजले नाही, पण त्या दिवशी वाळूत फुगलेले केंड (अंग फुगवणारा विषारी मासा) पडले होते, हे मी स्वतः पाहिले होते.

माझा प्रश्न असा आहे की मासेच बंद करावेत का? आमच्या सासूबाईंच्या काळापासून घरातली सगळी कुत्री माशांच्या डोक्यांवर आणि शेपट्यांवर वाढली.

तिठ्यावरचा पशुवैद्य (रत्नागिरी जिल्हा)

सुरंगीताई, मासे बंद करण्याची गरज नाही. ताजा, नीट शिजवलेला आणि काटे काढलेला मासा हे कुत्र्यासाठी उत्तम आणि पचायला हलके प्रथिन आहे. त्रास होतो तो मासा कसा दिला जातो यामुळे. तारलीसारख्या काही माशांत कच्चेपणी थायमिनेज नावाचे द्रव्य असते. ते ब जीवनसत्त्वातील थायमिन नष्ट करते. शिजवल्यावर त्याचा जोर जातो, म्हणून कच्चा मासा रोज देऊ नये. बांगड्यासारखा मासा उन्हात पडून राहिला की त्यात हिस्टामिन साचते आणि ते मात्र उकळूनही जात नाही. त्यामुळे जो मासा आपण आपल्या पानात घेणार नाही तो कुत्र्याच्या थाळीतही टाकू नये. केंडाचे विष याहून पुष्कळ भयंकर आहे. त्यातील टेट्रोडोटॉक्सिन शिजवून नाहीसे होत नाही, ते स्नायू लुळे पाडते, श्वास थांबवू शकते आणि त्यावर उतारा नाही. रापणीच्या वेळी कुत्रा बांधून ठेवणे हाच उपाय आहे.

डोकी आणि शेपट्या यांविषयी माझा आग्रह आहे की त्या तशाच टाकू नयेत. पाण्यात उकळून, गाळून, ते पाणी भातावर घालावे आणि मांस बोटांनी चाचपून काटे वेगळे करावेत. शिजलेली हाडे, विशेषतः कोंबडीची, टोकदार तुटतात आणि आतड्याला इजा करतात.

आता मूळ प्रश्नाविषयी. ‘पोट हळवे आहे’ हे निदान नव्हे; अनेक कारणांनी दिसणारी ती एक अवस्था आहे, आणि शी नीट पाहिल्याशिवाय कारण सापडत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा पण भरपूर पातळ होत असेल आणि वजन घटत असेल तर दोष बहुधा लहान आतड्यात असतो. वारंवार थोडी-थोडी, कुंथून, आव किंवा ताजे लाल रक्त लागलेली होत असेल तर मोठे आतडे सुजलेले असते. डांबरासारखी काळी शी दिसली तर रक्त वर कुठेतरी झिरपते आहे असे समजावे.

किनारपट्टीवर मी सर्वात आधी जंतांचा संशय घेतो. आपली दमट, उबदार, रेताड जमीन आकडीजंतांच्या अळ्यांना फार मानवते. त्या तोंडावाटे जातात, कातडीतूनही शिरतात आणि पिल्लांना आईच्या दुधातून मिळतात. हे जंत आतड्याला चिकटून रक्त शोषतात, त्यामुळे हिरड्या फिकट पडतात. पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी आणि मोठ्या कुत्र्यांना साधारण दर तीन महिन्यांनी, वजन करून, जंतांचे औषध द्यावे. अनवाणी चालणाऱ्या मुलांच्या पायांतही या अळ्या शिरतात, म्हणून शी रोजच्या रोज उचलून पुरावी. दुसरा संशय जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा, जो व्हाळाच्या आणि डबक्याच्या पाण्यातून येतो. त्याची शी दुर्गंधीची, चिकट असते आणि कधी बरी तर कधी बिघडलेली राहते. एका नमुन्यात तो सापडत नाही, तेव्हा तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासायला द्यावेत.

काही लक्षणांत घरगुती उपायांत वेळ घालवू नये. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब झाले तर पार्व्हो हा विषाणूचा जीवघेणा आजार समजून त्याच तासाला निघावे. पोट नगाऱ्यासारखे फुगले आहे आणि ओकारी येते पण काही पडत नाही, विशेषतः मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याच्या बाबतीत, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि त्यात तासांचाच हिशेब असतो. पावसाळ्यात ताप, उलट्या आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर लेप्टोचा विचार करावा. उंदरांच्या मुतातून पसरणारा हा आजार आपल्याकडे माणसांनाही होतो, म्हणून लस चुकवू नये. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे हाताला अंग गरम लागले एवढ्यावरून ताप ठरवू नये, थर्मामीटर वापरावा. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कधीही देऊ नयेत.

चिरेबंदी (राजापूर)

मला फक्त मे महिन्याविषयी लिहायचे आहे, कारण त्याची किंमत आम्ही मोजली आहे. आंबे उतरल्यावर मागीलदारी आढ्या पडलेल्या होत्या, मुंबईहून सगळी मंडळी आलेली होती आणि मुलांनी चोखलेले बाठे अंगणात टाकले होते. आमच्या कुत्रीने त्यातला एक गिळला. पहिले दोन दिवस ती फक्त जेवली नाही. आम्हाला वाटले उन्हाळ्याने असेल. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायले की लगेच उलटी होऊ लागली आणि शी पूर्ण थांबली. जवळच्या एका ठिकाणी अजीर्ण म्हणून सुई दिली गेली आणि त्यात आणखी एक दिवस गेला. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही स्पष्ट दिसले नाही. सोनोग्राफीत आतड्यात अडकलेली कोय दिसली. शस्त्रक्रिया करून ती काढली तेव्हा त्या भागातले आतडे काळसर पडू लागले होते. आणखी उशीर झाला असता तर तो तुकडा कापावा लागला असता, असे आम्हाला सांगण्यात आले.

आंब्याच्या गराची एखादी फोड बाधत नाही. बाठा मात्र घशातून उतरतो आणि पुढे अडकतो. फणसाच्या आठळ्यांचेही तेच भय आहे. आता आमच्या अंगणात झाकणाची बादली आहे आणि बाठे मोजून आत जातात. वारंवार उलटी आणि शी बंद, हे दोन्ही एकत्र दिसले की अडथळा गृहीत धरावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

माडाखालचे घर (अलिबाग)

आमच्या जर्मन शेफर्डची कथा वेगळी आहे. तो दीड वर्षाचा असताना घासामागून घास मागायचा, दिवसाला तीन थाळ्या फस्त करायचा आणि तरी त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. शी ढीगभर, फिकट पिवळी आणि तेलकट होत असे, पायाला लागली तर साबणाने निघत नसे. पाच महिने आम्ही भात बदलला, कोंबडी बदलली, तयार खाद्याच्या चार जाती आजमावल्या. अखेर मुंबईला नेऊन उपाशीपोटी रक्ताची टीएलआय तपासणी केली तेव्हा त्याचे स्वादुपिंड पाचक रसच पुरेसे बनवत नाही, असे निष्पन्न झाले. या जातीत हा दोष आनुवंशिक असतो. आता प्रत्येक जेवणात पाचक द्रव्यांची पूड मिसळतो, ब-१२ ची इंजेक्शने झाली आणि तीन महिन्यांत त्याचे वजन ७ किलोंनी वाढले. पूड आयुष्यभर द्यावी लागणार आहे.

हे लिहिण्याचे कारण एवढेच की जे कुत्रे भरपूर खाऊन वाळत चालले आहे त्याच्या थाळीत फेरफार करत महिने घालवू नयेत, तपासणी आधी करावी.

खाडीकाठ (देवगड तालुका)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पवळीला आता काय देतो, असे दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे, म्हणून येथेच लिहितो.

पोट बिघडलेले असताना तिला मऊ शिजवलेला भात आणि कातडी व चरबी काढून उकडलेली कोंबडी देतो, दोन भाग भाताला एक भाग कोंबडी, मीठ-मसाल्याविना, आणि त्यात दोन चमचे शिजवून कुस्करलेला लाल भोपळा. एरवीच्या दोन जेवणांऐवजी हेच चार वेळा थोडे-थोडे देतो. उकड्या तांदळाची पेज तिला मानवते, पण तांदूळ बोटांत सहज चिरडेल इतका शिजवावा लागतो. आम्ही जेवतो तसा मोकळा भात तिच्या शीत अख्खा दिसला होता. पिल्लाला उपाशी ठेवू नये, हे मला डॉक्टरांनी बजावून सांगितले होते. मोठ्या कुत्र्यालाही केवळ जुलाबांसाठी आता कोणी दिवसभर उपाशी ठेवायला सांगत नाही. उलट्या होत असतील तर काही तास अन्न थांबवून पाणी घोट-घोट द्यावे.

रोजच्या थाळीचा हिशेब मी एकदा बसून मांडला. विश्रांतीत लागणारी ऊर्जा काढण्यासाठी किलोतल्या वजनाचा पाऊण (०.७५) घात घेऊन त्याला ७० ने गुणतात. १३ किलोच्या पवळीसाठी तो आकडा सुमारे ४८० किलोकॅलरी येतो आणि नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्रीला त्याच्या दीडपट-पावणेदोनपट पुरते. म्हणजे दिवसाला अंदाजे २५० ग्रॅम शिजलेला भात, २०० ग्रॅम कोंबडी किंवा मासा, भोपळा आणि एक चमचा तेल. ही थाळी मात्र महिनोन्महिने एवढ्यावर चालत नाही, कारण तिच्यात कॅल्शियम फारच कमी पडते. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते म्हणून मी आठवड्यातून दोनदा पातळ नाचणी देऊ लागलो होतो, पण तेवढ्याने मांसातल्या फॉस्फरसशी तोल साधत नाही आणि जास्त दिली तर तिला वायू होतो. आता डॉक्टरांनी ठरवून दिलेली खनिजांची पूड मोजून घालतो.

दुधाविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. आमच्याकडे आजारी कुत्र्याला दूध-भाकरी देण्याची पद्धत आहे आणि ती देणाऱ्याच्या मनात माया असते, हे मी जाणतो. परंतु पुष्कळ मोठ्या कुत्र्यांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारे द्रव्य उरलेले नसते, आणि बिघडलेल्या पोटात तर ते आणखी कमी होते. ताज्या दह्याचा एक चमचा पवळीला चालतो. दुधाची वाटी चालत नाही. खोबऱ्याचेही तसेच. किसताना खाली पडलेले खोबरे तिला फार आवडते, पण त्यातल्या चरबीने दुसऱ्या दिवशी पोट सुटते, आणि चरबीचा मोठा घास स्वादुपिंडाला सूज आणू शकतो.

आणखी एक अडचण येथे राहणाऱ्यांनाच समजेल. पावसात वीज दोन-दोन दिवस जाते आणि शीतकपाटात साठवलेली कोंबडी सुटते, पुन्हा गोठते, पुन्हा सुटते. मागच्या जुलैत तिला एकदा तशाच मांसाने त्रास झाला. तेव्हापासून पावसाळ्यात रोजचे रोज आणतो, आणि तेही न जमले तर अंडी उकडतो.

केवडा (गुहागर)

माझ्या ५ वर्षांच्या लॅब्रेडॉरची शी सतत मऊ असते आणि तो पंजे चाटतो, कान वारंवार सुजतात. धान्य बंद करा, असे मला अनेकांनी सुचवले. तांदूळ बंद केल्याने खरोखर फरक पडेल का?

तिठ्यावरचा पशुवैद्य (रत्नागिरी जिल्हा)

केवडा, पोट आणि कातडी दोन्ही एकत्र बिघडत असतील तर अन्नाच्या ॲलर्जीचा विचार योग्य आहे, पण ती बहुतेक वेळा प्रथिनाची असते. गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू ही नावे त्यात पुन्हा-पुन्हा येतात, तांदूळ क्वचित. रक्ताच्या चाचणीवर विसंबू नये. ८ आठवडे एकच प्रथिन आणि एकच पिष्ट द्यायचे, आणि तेही त्याने पूर्वी कधी न खाल्लेले. येथे आपल्या भागातल्या कुत्र्यांची गंमत वेगळी आहे: परदेशी पुस्तकांत मासा हे नवे प्रथिन म्हणून सुचवतात, पण गुहागरच्या कुत्र्याला मासा नवा कुठून असणार? त्याने मटण कधी खाल्ले नसेल तर चरबी काढलेले मटण आणि रताळे यांवर प्रयोग करावा. त्या काळात बिस्किट, सुगंधी जंतगोळी, कोणाच्या हातचा पोळीचा तुकडा, काहीही नको. एका घासाने आठवडे वाया जातात. सुधारणा झाली तर जुने अन्न परत द्यावे आणि लक्षणे पुन्हा उमटतात का ते पाहावे. त्याशिवाय निदान पुरे होत नाही. त्याआधी जंत आणि पिसवा यांचा बंदोबस्त मात्र झालेला असावा.

सुरंगी (वेंगुर्ले)

गणपतीच्या दिवसांत घरी तीस-पस्तीस माणसे असतात आणि प्रत्येकाला कुत्र्याला काहीतरी भरवावेसे वाटते. पंचखाद्यातले बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत, हे मला दोन वर्षांपूर्वी समजले. गेल्या वर्षी मी त्याचीच मोजलेली थाळी मुलांच्या हाती दिली आणि तीच भरवायला सांगितले. मुलांना आनंद झाला आणि त्याचे पोट अकराही दिवस नीट राहिले. रापणीच्या वेळी आता तो बांधलेला असतो.

खाडीकाठ (देवगड तालुका)

सुरंगीताई, ही युक्ती मी नक्की करणार आहे.

यंदा मी बंदीची वाट पाहिली नाही. २० मेपासून पवळीच्या थाळीतला मासा कमी करत गेलो: पहिले तीन दिवस तीन भाग मासा आणि एक भाग कोंबडी, मग तीन दिवस अर्धे-अर्धे, मग तीन दिवस एक भाग मासा आणि तीन भाग कोंबडी, आणि २९ मेला पूर्ण कोंबडी. मधल्या टप्प्यात एकदा शी मऊ झाली तेव्हा पुढे न जाता दोन दिवस तिथेच थांबलो, म्हणून प्रत्यक्षात ३१ मे उजाडला. तिचे पिण्याचे पाणी उकळून गार करतो आणि पागोळ्यांखालचे घमेले उपडे घालून ठेवतो, कारण ती त्यातलेच पाणी पिते.

आज १४ जून आहे, पहाटेपासून पाऊस धरला आहे. वहीत आजही ‘घट्ट, २ वेळा’ असेच लिहिले. ऑगस्टमध्ये मासे परत येतील तेव्हा उलटा क्रम याच गतीने करायचा आहे आणि त्याची नोंद येथे देईन.